कानाचे माप

कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले पूर्वज सांगत आले. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खात्री करावी, हा त्या म्हणीचा रूढ अर्थ. आजच्या विषयात मात्र ही म्हण आम्हाला उलटी वाचावी लागणार आहे. येथे फसवतो तो डोळा, आणि खरी साक्ष काढावी लागते ती कानाची. विषय आहे तारेच्या स्वस्त इअरफोनचा: त्याचा आवाज चांगला की वाईट, तो कानाला सुखाचा की जाचाचा, हे ठरवायचे कसे, आणि ते ठरविण्याच्या कसोट्या आजवर कशा बदलत आल्या. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बोलण्याजोगा हा विषय आहे काय, अशी शंका कोणाला येईल. परंतु जी वस्तू लक्षावधी माणसे रोज तासन् तास अंगावर, नव्हे अंगात, धारण करतात, तिचा इतिहास क्षुद्र मानण्याचे आम्हाला तरी कारण दिसत नाही.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती चुकीमुळे. आमची एक पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. बिऱ्हाड दोन खोल्यांचे. एका खोलीत दूरदर्शन संच चालू, दुसरीत स्वयंपाक. अशा गलक्यात ती आपली व्याख्याने तीनशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकते. एके दिवशी तो आम्ही सहज कानाला लावून पाहिला. आवाज पातळ, डबड्यातून आल्यासारखा. "फेकून दे हे," असा निकाल आम्ही तत्काळ देऊन टाकला. ती काही रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "काका, किती वेळ ऐकलंत?" आम्ही फार तर अर्धा मिनिट ऐकले होते. आमचा तो निकाल चुकीचा होता. तो कसा चुकला, हे पुढे ओघाने येईलच; पण ते कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ साली. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसमध्ये विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे क्लेमाँ आदेर या अभियंत्याने एक नवल मांडले. ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या पुढल्या कडेला त्याने ध्वनिग्राहक ठेवले आणि त्यांच्या तारा शहराच्या भुयारी गटारांतून प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. प्रत्येक श्रोत्याला दोन टेलिफोन दिले: एक डाव्या कानासाठी, एक उजव्या कानासाठी. दोहोंकडचे आवाज रंगमंचावरील वेगवेगळ्या जागांवरून येत असल्यामुळे गायक इकडून तिकडे चालू लागला की त्याचा आवाजही चालल्याचा भास होई. पुढे १८९० मध्ये याच कल्पनेवर 'थिआत्रोफोन' नावाची कंपनी निघाली. पन्नास सँतीमचे नाणे यंत्रात टाकावे आणि पाच मिनिटे नाटक-संगीत ऐकावे, अशी सोय झाली, आणि ती १९३२ पर्यंत चालली. त्या काळच्या श्रोत्याची कसोटी साधी होती. दूरचे ऐकू येते, हेच आश्चर्य. दोन्ही हातांनी दोन टेलिफोन कानाशी धरून ठेवावे लागतात, याबद्दल कोण तक्रार करणार?

तक्रारीचा विचार केला तो एर्नेस्त मेर्काडिए या फ्रेंच अभियंत्याने. १८९१ साली त्याला अमेरिकेत ज्या उपकरणाचे पेटंट मिळाले, ते पाहिले म्हणजे आजच्या इअरफोनचा पणजोबाच समोर उभा राहतो. दोन्ही कानांत बसणारी लहान टेलिफोनांची जोडी. वजन पावणेदोन औंसांहून कमी, म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅमच्या आत. आणि कानात जाणाऱ्या टोकांवर रबराची टोपी. ही टोपी कशासाठी? कानाच्या तोंडाशी घर्षण कमी व्हावे म्हणून, आणि बाहेरचे आवाज आत येऊ नयेत म्हणून. कानाचे सुख आणि आवाजाची शुद्धता ही दोन्ही कामे एकाच रबरी तुकड्यावर सोपविलेली आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढील सव्वाशे वर्षांचा सारा विचार बीजरूपाने तेवढ्या तुकड्यात आहे.

यानंतर बिनतारी संदेशांचे युग आले आणि कसोटी बदलली. स्फटिकाच्या साहाय्याने विद्युतलहरी ओळखण्याच्या विद्येत आपल्या जगदीशचंद्र बोस यांचा वाटा मोठा आहे. गॅलिना या खनिजावर आधारलेल्या त्यांच्या उपकरणाला अमेरिकेत १९०४ साली पेटंट मिळाले. पुढे घरोघर आलेल्या स्फटिकाच्या रेडिओला बॅटरी लागत नसे. आकाशातून तारेवर येणारी इवलीशी शक्ती हेच त्याचे सर्व भांडवल. तेवढ्या शक्तीवर हलू शकेल असा कर्णध्वनक हवा, म्हणून जो सर्वांत क्षीण आवाज ऐकवील तो उत्तम, अशी कसोटी ठरली. अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन हा गृहस्थ असे हेडफोन आपल्या स्वयंपाकघरात बनवी. त्याने १९१० मध्ये नमुना अमेरिकन आरमाराकडे पाठविला. आरमाराला त्याची सूक्ष्मग्राहिता पसंत पडली. पण डोक्यावरची पट्टी जाचते, एवढे मात्र कळविण्यात आले. बाल्डविनने मग चामड्याने मढविलेल्या तारेच्या दोन कांबी जोडून ती सुधारली. परीक्षेत आवाजाने पहिला नंबर मिळविलेला माल डोक्याला बोचतो म्हणून दुरुस्तीसाठी परत येतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

आपल्याकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. तो काळ हेडफोनवर ऐकण्याचा होता. घरात जोडी एकच असेल तर तिचे दोन भाग दोघांनी वाटून घ्यावेत, किंवा ती रिकाम्या वाडग्यात ठेवून चौघांनी भोवती कान लावून बसावे, अशा युक्त्या त्या काळी देशोदेशी चालत. पुढे स्पीकर स्वस्त झाले आणि सामान्य घरातून हेडफोन नाहीसा झाला. तो टेलिफोन खात्यात, आरमारात, विमानात आणि प्रयोगशाळेत उरला.

प्रयोगशाळेतल्या मुक्कामात एक महत्त्वाची गोष्ट घडली. हार्वे फ्लेचर आणि मन्सन या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले की आपला कान सर्व स्वरांना सारख्या मापाने मोजत नाही. आवाज हळू असला की खर्जाचे आणि अतितार टोकाचे स्वर त्याला फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढविला की ते वर येतात. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दोन इअरफोनांपैकी जो किंचित मोठ्याने वाजतो तो अधिक भरदार आणि म्हणून अधिक चांगला वाटतो, मग वस्तुतः तो कनिष्ठ का असेना. दुकानात उभ्या उभ्या केलेल्या तुलनेत ही फसगत हमखास होते.

दुसरी गोष्ट कानाच्या घडणीची. कानाची नळी सुमारे पंचवीस मिलिमीटर लांब. एका बाजूला उघडी आणि दुसऱ्या बाजूला पडद्याने बंद अशी ही नळी, पाव्याप्रमाणे, सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या आसपासचे स्वर आपोआप उठावदार करते. व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा येथेच असतो. इअरफोनने नळीचे तोंड बुजले की निसर्गाची ही मदत बिघडते आणि कारागिराला ती आपल्या हाताने परत घालावी लागते. कमी घातली तर बोलणे गुदमरते, जास्त घातली तर कर्कश होते. खर्जाचे गणित याहून निराळे आहे. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने घट्ट दाबून दांडा ढकला. कितीही हळू ढकलला तरी बोटाला दाब जाणवतो. बोट सैल ठेवा. झटक्याने ढकललेली हवा थोडाफार दाब दाखवील, पण सावकाश ढकललेली हवा फटीतून निसटून जाईल. खर्ज म्हणजे सावकाश कंपन. इअरफोन आणि कान यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी प्रथम खर्ज निसटतो. यंत्रात काहीही दोष नसताना आवाज पातळ येतो तो असा.

आता इतिहासाकडे परत वळू. जॉन कॉस याने १९५८ साली अमेरिकेत संगीत ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला आणि हेडफोन पुन्हा घरात शिरला. आता कसोटी झाली निष्ठेची: मूळ वाद्यासारखे वाजते की नाही. जर्मनीतील झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये पाठीमागून मोकळा, पिवळ्या फोमचा हलका हेडफोन काढून कानावरचे ओझे उतरविले. पण खरी क्रांती केली ती सोनी कंपनीच्या वॉकमनने. १ जुलै १९७९ रोजी तो जपानात विक्रीस आला. तोवर चांगले हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत. वॉकमनबरोबर आलेला पन्नास ग्रॅमच्या आसपास होता. त्या पहिल्या यंत्राला दोघांनी मिळून ऐकण्यासाठी दोन छिद्रे ठेवलेली होती. वाडग्याभोवती बसणाऱ्या जुन्या श्रोत्यांची ही जणू शेवटची आठवण. पुढे ऐकणे एकट्याचे झाले. १९८२ मध्ये त्याच कंपनीने पट्टी अजिबात काढून टाकली आणि कानाच्या खोलगट भागात नुसती बसणारी बोंडे विकायला आणली. आयपॉडबरोबर २००१ नंतर जगभर दिसू लागलेली पांढरी बोंडे याच वंशातली. हलकी खरी, पण नळी न बुजविणारी. म्हणून खर्ज गळणारी.

खर्ज राखण्याची युक्ती आली ती कर्णबधिरांच्या सेवेतून. श्रवणयंत्रांवर काम केलेले मीड किलियन यांच्या एटिमोटिक कंपनीने १९९१ साली नळीत खोल जाऊन घट्ट बसणारा इअरफोन काढला. तो महाग होता. पण मार्ग सापडला. १९८० च्या दशकात आलेल्या निओडिमियम चुंबकांनी बोराएवढ्या जागेत पुरेसे बळ आणले होते. पुढे चीनमधील कारखान्यांतून असे इअरफोन लाखोंनी निघू लागले. अशा रीतीने मेर्काडिएची रबरी टोपी, आता सिलिकॉनची होऊन, शंभर वर्षांनी टपरीवर लटकू लागली. बाजारात तिला आजही सर्रास 'रबर'च म्हणतात. काही मोठ्या कंपन्यांनी २०१६ पासून फोनचे गोल छिद्रच काढून टाकले, तरी तारेचा इअरफोन मेला नाही. त्याला चार्ज करावे लागत नाही, त्याचा आवाज चित्राच्या मागे रेंगाळत नाही, आणि तो थोडक्या पैशांत मिळतो.

वस्तू अशी स्वस्त झाल्यावर प्रश्न उरतो: पैसे जास्त टाकले तर आवाज जास्त चांगला मिळतो काय? याचे उत्तर अंदाजाने देण्याचे कारण नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोन व इअरफोनांची मोजमापे किमतींशी ताडून पाहिली. स्वरांचा समतोल आणि विक्रीची किंमत यांचा परस्परसंबंध त्याला आढळला नाही. याचा अर्थ सर्व स्वस्त माल उत्तम, असा कोणी करू नये. किंमत पाहून आवाज ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जास्तीचा पैसा कधी चांगल्या तारेवर खर्च होतो, कधी धातूच्या कवचावर, कधी नुसत्या नावावर.

मग चांगले म्हणजे काय? शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास हार्मन कंपनीत याचा शोध आरंभला. त्यांना एक अडचण आली. स्पीकर पडद्याआड ठेवता येतो, पण हेडफोनची परीक्षा डोळे मिटून घेतली तरी कानाच्या पाळीला त्याचा आकार कळतोच. म्हणून त्यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचे आवाज विद्युतसाधनाने उमटविले आणि श्रोत्यांना निवड करायला लावली. कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन या देशांतील श्रोत्यांत पसंतीची पुष्कळ एकवाक्यता दिसली: चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, तसे ते अनेकांना हवे होते. त्या यादीत भारत नाही. तानपुऱ्याच्या जवारीत कान घोळलेल्या माणसाची पसंती नेमकी तीच असेल काय, हे तपासण्याजोगे आहे.

मोजमापालाही मर्यादा आहे. इअरफोन मोजण्यासाठी १९७२ पासून 'केमार' नावाचा पुतळा वापरात आहे. अनेक माणसांच्या मापांची सरासरी काढून त्याचे डोके आणि कान घडविलेले आहेत. सरासरी कान हा शास्त्राला आवश्यकच. पण तो कोणा एका माणसाचा कान नव्हे. आपलेच दोन कान पुष्कळदा सारखे नसतात. सोनारानेच कान टोचावे, हे खरे. परंतु टोचलेल्या कानात कोणती कुडी जाचते, हे सोनार सांगू शकत नाही. ते ज्याचे त्यालाच सांगावे लागते.

आता आमच्या चुकीकडे येतो. पुतणीच्या प्रश्नाने खजील होऊन आम्ही नीट परीक्षा करण्याचे ठरविले. तीनशे, बाराशे आणि तीन हजार रुपयांचे तीन इअरफोन जमविले. डोळ्यांवर पंचा बांधला. जोड्या बदलण्याचे काम पुतणीकडे. प्रत्येकाचा आवाज आधी सारखा करून घेतला. ऐकण्याची सामग्री तीन प्रकारची. पहिली, मराठी बातम्या: 'स', 'श', 'च' ही अक्षरे टोचतात की बोथट होतात, हे कळण्यासाठी. दुसरी, तबल्याची साथ: डग्ग्याचा घुमारा अंगासकट येतो की नुसती थाप ऐकू येते, हे पाहण्यासाठी. तिसरी, नुसता तानपुरा: जवारीचे बारीक स्वरतंतू सुटे सुटे लागतात की एकच भणभण होते, हे ओळखण्यासाठी.

पहिल्याच फेरीत रहस्य उलगडले. पुतणीच्या इअरफोनवर तिच्या कानाच्या मापाची सर्वांत लहान टोपी होती. आमच्या कानात ती सैल बसे. फट राही आणि डग्गा नाहीसा होई. खोक्यात पडून राहिलेली मोठी टोपी चढविताच तोच इअरफोन भरून वाजू लागला. ज्याला आम्ही यंत्राचा दोष म्हटले, तो मापाचा दोष होता, आणि माप आमच्या कानाचे होते. पुढे प्रत्येक जोडी दोन-दोन दिवस वापरली. अखेर पहिला क्रमांक आम्ही बाराशेच्या जोडीला दिला, दुसरा तीनशेच्या. तीन हजारांची जोडी पहिली दहा मिनिटे सर्वांत स्वच्छ वाटली. परंतु तिचे जड धातूचे कवच अर्ध्या तासात पाळीला दुखवू लागले, बसक ढळू लागली, आणि बसक ढळताच खर्जही ढळू लागला. दुसऱ्याच्या कानात हा क्रम उलटाही लागेल.

सुख आणि स्वर हे दोन वेगळे गुण आहेत, अशी समजूत घेऊन बाजारात जाणे किती चुकीचे आहे, हे आम्हाला येथे कळले. जो इअरफोन सुखाने बसत नाही तो नीट वाजूही शकत नाही. म्हणून परीक्षा अर्ध्या मिनिटाची नसावी. तासाभरानंतर कान दुखतो काय. जबडा हलविला की टोपी निसटते काय. चालताना तार कपड्याला घासून खरखर आत पोहोचते काय, आणि ती तार कानामागून वळवून घेतल्यावर थांबते काय. स्वतःच्या पावलांचा दणका डोक्यात घुमतो काय. एवढे प्रश्न विचारल्यावाचून निकाल देऊ नये.

या साऱ्यात केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. फट राहिली की बाहेरचा गलका आत येतो आणि खर्ज बाहेर जातो. ऐकणारा मग काय करतो? आवाज वाढवितो. लोकलच्या डब्यात, एस. टी. च्या खिडकीशी, चालू दूरदर्शन संचाशेजारी तो आणखी वाढवितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली पुढे ठेवलेल्या मानकाप्रमाणे प्रौढांसाठी मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, चाळीस तास, अशी आहे. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा. कानाच्या आतील नाजूक पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ज्या मुलांना शांत खोली परवडत नाही, त्यांनाच हा धोका अधिक. आणि त्यातील काही भाग तरी योग्य मापाच्या टोपीने टळण्याजोगा आहे. वाहता रस्ता ओलांडताना मात्र तीच टोपी कानातून काढावी, हेही सांगितलेच पाहिजे.

स्वस्त मालाची बाजू घेताना त्याचा खरा दोष झाकण्याचा आमचा इरादा नाही. सात महिन्यांनी पुतणीच्या इअरफोनची तार पिनेपाशी तुटली. तीनशे रुपयांत आवाज मिळाला, पण टिकाऊपणा मिळाला नाही. नवीन घेण्यासाठी आम्ही तिच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदाराने एक जोडी पुढे केली आणि किंमत सांगितली. आम्ही मत देण्यासाठी तोंड उघडणार, तोच पुतणीने ती कानात घातली, टोप्या दोनदा बदलून पाहिल्या, आणि दुकानदाराला म्हणाली, "थोडा वेळ थांबते. ऐकते आणि मग सांगते." आम्ही बाजूच्या बाकावर बसून राहिलो.